दीड वर्ष वापरलेली कॅमेरा यंत्रणा: दुकानाला आणि गोदामाला तिचा खरा उपयोग किती?

वाहनांच्या सुट्या भागांचे आमचे घाऊक विक्रीचे दुकान आणि त्याला लागून असलेले गोदाम यांसाठी आम्ही बारा कॅमेऱ्यांची यंत्रणा बसवून घेतली, त्याला आता दीड वर्ष होऊन गेले. नेटवर्कवरून चित्र पाठवणारे चार मेगापिक्सेलचे आयपी कॅमेरे, सोळा कॅमेऱ्यांची सोय असलेला एक रेकॉर्डर, त्यात चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क, कॅमेऱ्यांना नेटवर्कच्या केबलमधूनच वीज पुरवणारा स्विच आणि मोबाइलवरचे ॲप एवढा हा संच आहे. कंपनीचे आणि बसवून देणाऱ्यांचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण ज्या अडचणी आल्या त्या एका कंपनीपुरत्या नाहीत आणि जे समाधान मिळाले तेही केवळ तिच्यामुळे मिळाले असे नाही. अशी यंत्रणा घेण्याच्या विचारात असलेल्या व्यावसायिकाला काय तपासून घ्यावे हे कळावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आधी मूळ प्रश्न. यंत्रणा घेताना आमच्या मनात एकच गोष्ट होती, ती म्हणजे चोरी. प्रत्यक्षात दीड वर्षात चोरीच्या कारणासाठी रेकॉर्डिंग उघडण्याची वेळ दोनदाच आली. बाकी सगळ्या वेळी ते उघडले ते मालाच्या मोजणीवरून झालेले वाद, परत आलेल्या वस्तू, कोणी कोणाला किती पैसे दिले याविषयीचे गैरसमज आणि गोदामात घडलेले लहानसहान अपघात यांसाठी. हे आधी कळले असते, तर निम्मे कॅमेरे आम्ही वेगळ्या ठिकाणी लावले असते. चोरी रोखण्याच्या बाबतीत कॅमेऱ्याकडून किती अपेक्षा ठेवावी, याचाही काही अंदाज उपलब्ध आहे. चाळीस वर्षांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कॅमेरे लावलेल्या ठिकाणी गुन्ह्यांत सरासरी सुमारे १३ टक्के घट आढळली. वाहनतळांवर परिणाम सर्वांत ठळक होता आणि जेथे कॅमेऱ्यांवर प्रत्यक्ष लक्ष ठेवले जात होते तेथे तो अधिक होता. म्हणजे कॅमेरा लावला की चोरी थांबली, असा हिशेब कोणी मांडत असेल तर तो मान्य करू नये. घडलेली गोष्ट नंतर नेमकी दाखवणे, हेच या यंत्रणेचे मुख्य काम आहे, आणि ते काम ती कितपत नीट करते यावरच तिची पारख व्हायला हवी.

विक्री प्रतिनिधीने पहिल्या भेटीत सोळा कॅमेऱ्यांचा आराखडा दिला. त्यात दुकानाचा एकही कोपरा सुटलेला नव्हता, पण कोणत्या कॅमेऱ्याने काय दिसायला हवे याचा उल्लेख कोठेही नव्हता. आम्ही ती संख्या बारावर आणली आणि तेवढ्यावरच समाधान मानले. खरे तर संख्येपेक्षा लेन्सविषयी विचारायला हवे होते. कॅमेऱ्यातून माणूस 'दिसणे' आणि तो 'ओळखता येणे' यांत फार अंतर आहे. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत त्यासाठी आकडे ठरवून दिलेले आहेत: चित्रात येणाऱ्या दृश्याच्या रुंदीच्या दर मीटरमागे २५ पिक्सेल मिळत असतील तर तेथे कोणीतरी आहे एवढेच कळते, परिचित माणूस ओळखण्यासाठी १२५ पिक्सेल लागतात आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायची असेल तर २५०. आमचा कॅमेरा आडव्या रेषेत २५६० पिक्सेल देतो. म्हणजे दृश्याची रुंदी साधारण दहा मीटरच्या आत असेल, तरच अनोळखी चेहरा खात्रीने ओळखता येईल.

आता हे आमच्या फाटकाला लावून पाहा. गोदामाच्या फाटकापासून नऊ मीटरवर २.८ मिलिमीटर लेन्सचा कॅमेरा बसवला होता. ही लेन्स जवळजवळ शंभर अंशांचा भाग दाखवते, म्हणजे नऊ मीटरवर दृश्याची रुंदी एकवीस मीटरच्या पुढे जाते आणि दर मीटरला १२० पिक्सेलच्या आसपास मिळतात. मोबाइलवर चित्र सुरेख दिसत असे, फाटक, रस्ता, समोरची भिंत सगळे त्यात येत असे. पण एके दिवशी फाटकातून आलेल्या अनोळखी माणसाचा चेहरा मोठा करून पाहिला तेव्हा डोळ्यांच्या जागी दोन काळे चौकोन आणि तोंडाच्या जागी एक करडा पट्टा, याखेरीज काही उरले नाही. तोच कॅमेरा काढून ६ मिलिमीटर लेन्सचा लावल्यावर दृश्य अरुंद झाले, समोरची भिंत गेली, पण फाटकातून येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा स्पष्ट मिळू लागला. हा बदल बसवून देणाऱ्यांनी आपणहून सुचवायला हवा होता, कारण नऊ मीटरचे अंतर त्यांनी स्वतः मोजले होते. त्यांच्या कामाविषयी माझी पहिली तक्रार हीच आहे.

दुसरी तक्रार साठवणुकीची. करारात 'एक महिन्याचे रेकॉर्डिंग' असे शब्द होते. एकोणीस दिवसांपूर्वीची एक पावती तपासायची वेळ आली, तेव्हा त्या दिवसाचे रेकॉर्डिंगच शिल्लक नाही असे लक्षात आले. मग कागदावर हिशेब मांडला. प्रत्येक कॅमेरा दर सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने चित्र पाठवत होता. म्हणजे दिवसाला एका कॅमेऱ्याचे सुमारे ४३ गिगाबाइट, बारा कॅमेऱ्यांचे ५१८ गिगाबाइट, आणि आठ टेराबाइटच्या जागेत जेमतेम पंधरा दिवस. डिस्क भरली की रेकॉर्डर सर्वांत जुने चित्र पुसून त्यावर नवे लिहितो आणि तसे करताना तो कोणालाही कळवत नाही. चौकशी केल्यावर समजले, की कॅमेऱ्यांमध्ये एच.२६५ ही चित्र दाबून साठवण्याची पद्धत उपलब्ध असूनही यंत्रणा जुन्या एच.२६४ वर चालवली जात होती. नवी पद्धत २०१३ मध्ये आली आणि तेवढ्याच दर्जाच्या चित्राला ती साधारण निम्मी जागा घेते. ती सुरू केली, वेग २ मेगाबिटवर आणला, गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याचा मात्र जुनाच ठेवला, कारण तेथे नोटा मोजणाऱ्या हातांची हालचाल स्वच्छ दिसली पाहिजे. तेव्हापासून अठ्ठावीस दिवसांचे रेकॉर्डिंग नीट टिकते. मोठ्या डिस्क घेण्याची गरजच पडली नाही. डिस्क मात्र सतत लेखनासाठी बनवलेल्या, म्हणजे या कामासाठीच मिळणाऱ्या घ्याव्यात. घरच्या संगणकातली साधी डिस्क अहोरात्र चालणाऱ्या रेकॉर्डरमध्ये घालणे म्हणजे नेमक्या गरजेच्या दिवशी ती बंद पडण्याची वाट पाहणे होय.

केबलमधूनच वीज देण्याची सोय ही या संचातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. प्रत्येक कॅमेऱ्याजवळ विजेची वेगळी जोडणी करावी लागत नाही, आणि स्विच व रेकॉर्डर दोन्ही एकाच यूपीएसवर ठेवले की वीज गेली तरी सगळे कॅमेरे चालू राहतात. मात्र प्रत्येक केबल शंभर मीटरच्या आत असावी लागते. आमच्या गोदामाच्या मागच्या टोकाला हे अंतर ओलांडले जात होते म्हणून मध्ये एक छोटा स्विच घालावा लागला.

रात्रीच्या चित्राविषयी जाहिरातींत फार मोठे दावे असतात. इन्फ्रारेड दिव्यांवरचे कृष्णधवल चित्र गोदामाच्या आत खरोखर उत्तम मिळते. बाहेर मात्र त्या दिव्यांभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतात, आणि लेन्ससमोर विणलेले एक जाळे वाऱ्याने हलले की यंत्रणेला ती हालचाल वाटते. पहिल्या महिन्यात एका रात्रीत दोनशेच्या वर सूचना माझ्या मोबाइलवर आल्या आहेत. त्यावर दोन उपाय लागू पडले: हालचालीऐवजी फक्त माणूस किंवा वाहन दिसल्यासच सूचना देण्याची सोय चालू केली, आणि लांब दांड्याच्या मऊ ब्रशने आठवड्यातून एकदा कॅमेरे झाडण्याचे काम एका माणसाकडे नेमून दिले. दुकानाच्या काचेच्या दारासमोर सकाळी वेगळीच अडचण होती. मागून ऊन आल्यामुळे आत येणारा प्रत्येक माणूस काळ्या सावलीसारखा दिसत असे. उजेड आणि अंधार एकाच चित्रात सांभाळण्याची डब्ल्यूडीआर ही सोय कॅमेऱ्यात होती, पण बंद ठेवलेली होती. ती चालू करायला दोन मिनिटे लागली. ती चालू केलेली नाही हे कळायला दोन महिने लागले.

ज्या प्रसंगामुळे या यंत्रणेविषयीचे माझे मत पक्के झाले, तो आता सांगतो. एका ग्राहकाने कळवले की चौदा खोक्यांच्या पावतीवर त्याला तेराच खोकी मिळाली. माल गाडीत चढवणारा आमचा माणूस सहा वर्षे आमच्याकडे आहे, तरीही पहिला संशय त्याच्यावरच गेला, हे मला मान्य करायला हवे. पावतीवरची वेळ सायंकाळी ५ वाजून ४२ मिनिटांची होती. मी रेकॉर्डरवर तीच वेळ लावली, तर माल चढवण्याच्या धक्क्यावर गाडीच नव्हती. पुढची वीस मिनिटे पाहिली, तरी गाडी नाही. तो माणूस मागे उभा राहून पाहत होता, तो शांतपणे म्हणाला, "साहेब, थोडं आधीचं बघा. गाडी लागली तेव्हा मागच्या भिंतीवर ऊन होतं, इथं तर ते गेलेलं दिसतंय." मागे जात गेलो आणि ५ वाजून ३१ मिनिटांवर गाडी दिसली. रेकॉर्डरचे घड्याळ बिलाच्या संगणकापेक्षा अकरा मिनिटे मागे पडले होते. चित्र हळू चालवून आम्ही दोघांनी मिळून खोकी मोजली: चौदा. शेवटचे खोके चढवताना त्याने ते आडवे करून दोन रांगांच्या मधल्या फटीत बसवले होते, म्हणून उतरवून घेणाऱ्याच्या नजरेतून ते सुटले असावे. ती चित्रफीत ग्राहकाला पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बाजूला ते खोके सापडले.

त्या सायंकाळी कॅमेऱ्याने त्याचे काम चोख केले होते, पण घड्याळ चुकल्यामुळे मी एका निर्दोष माणसाविरुद्ध पुरावा पाहत आहे अशी माझी समजूत होऊ लागली होती. रेकॉर्डर आणि बिलाचा संगणक यांची वेळ इंटरनेटवरील एकाच वेळ-सेवेशी जुळवण्याची सोय प्रत्येक आधुनिक रेकॉर्डरमध्ये असते. यंत्रणा ताब्यात घेताना ही एक गोष्ट समोर बसून करून घ्यावी, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. त्याच प्रसंगात चित्रफीत बाहेर काढण्याची पद्धतही तपासली गेली. आमचा रेकॉर्डर मूळ रूपात जी फाइल देतो ती त्याच कंपनीच्या प्लेअरमध्ये उघडते, त्यामुळे ग्राहकाला ती सुरुवातीला दिसलीच नाही. एमपी४ या सगळीकडे उघडणाऱ्या प्रकारात ती काढण्याचा पर्याय तीन पडदे आत दडलेला आहे. प्रकरण पोलिसांत किंवा न्यायालयात जाण्याची शक्यता असेल, तर मूळ फाइलही जशीच्या तशी जपून ठेवावी आणि ती कोणी, केव्हा काढली याची नोंद करावी. नुसती मोबाइलने पडद्यावरून टिपलेली चित्रफीत फारशी उपयोगाची ठरत नाही.

मोबाइलवरचे ॲप सोपे आहे, वेगवान आहे आणि दुसऱ्या गावी असतानाही चित्र पटकन उघडते. पण याच सोयीत या यंत्रणेचा सर्वांत मोठा धोका आहे, आणि त्याविषयी विकणारे बोलत नाहीत. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातूनच आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच साहाय्याने संकेतस्थळांची नावे त्यांच्या इंटरनेटवरील पत्त्यांशी जोडून देणाऱ्या डाइन या कंपनीच्या सेवेवर हल्ला चढवून अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. २०२१ च्या मार्चमध्ये व्हर्काडा या क्लाउड-कॅमेरा सेवेत घुसखोरी झाली आणि रुग्णालये, शाळा, कारखाने अशा ठिकाणचे सुमारे दीड लाख कॅमेरे बाहेरच्यांना पाहता येत होते. आमच्याकडे बसवून देणाऱ्याने मुख्य पासवर्ड स्वतःकडे ठेवला होता, आणि बोलता बोलता कळले की त्याच्या सगळ्या ग्राहकांकडे तो एकच आहे. मी तो त्याच दिवशी बदलला, त्याला देखभालीपुरते मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते दिले, कॅमेऱ्यांचे नेटवर्क बिलाच्या संगणकांपासून वेगळे केले आणि राउटरमध्ये बाहेरून थेट आत येण्यासाठी उघडून ठेवलेला मार्ग बंद केला. या कामासाठी जाणकाराची मदत घ्यावी लागली. तो खर्च यंत्रणेच्या किमतीतच धरायला हवा.

आता माणसांविषयी, कारण व्यवसायातली कोणतीही कॅमेरा यंत्रणा शेवटी तेथे काम करणाऱ्यांवर रोखलेली असते. पहिले तीन आठवडे मी दिवसातून अनेकदा ॲप उघडून पाहत असे, आणि ते सर्वांच्या लक्षात आले होते. काउंटरवरच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी एके दिवशी मला विचारले, "आमचं काही चुकतंय का? तुम्ही बाहेर असलात तरी आता आम्हाला पाठीशी कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं." त्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. त्यानंतर आम्ही नियम लिहून भिंतीवर लावले: कॅमेरे कोठे आहेत, रेकॉर्डिंग किती दिवस राहते, ते कोण आणि कोणत्या कारणासाठी उघडू शकतो, आणि ज्याच्याविषयी प्रश्न उभा राहिला आहे त्याला सोबत बसवूनच ते पाहिले जाईल. कॅमेऱ्यांतले माइक बंद केले. डबा खाण्याच्या खोलीबाहेर लावलेला कॅमेरा काढून धक्क्यावर हलवला, आणि खोक्यांच्या त्या प्रकरणात नेमका तोच उपयोगी पडला.

छुपा कॅमेरा लावावा का, असे एका परिचित व्यापाऱ्याने मला विचारले होते. त्यावर युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा ऑक्टोबर २०१९ चा निकाल पाहण्यासारखा आहे. स्पेनमधील एका सुपरमार्केटने मालाची सतत तूट येत असल्यामुळे पैसे घेण्याच्या काउंटरांवर काही दिवस छुपे कॅमेरे लावले आणि त्या चित्रणावरून कर्मचाऱ्यांना काढून टाकले. त्याच न्यायालयाच्या लहान पीठाने आधी कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला होता. मोठ्या पीठाने मात्र गंभीर तुटीचा सबळ संशय, थोडे दिवस, सर्वांना खुली असलेली जागा आणि चित्रण पाहणारे मोजकेच लोक या गोष्टी विचारात घेऊन खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाला नाही, असे ठरवले. आधी न सांगणे कर्मचाऱ्यांना विश्वासात घेण्याच्या नियमाला धरून नाही, आणि भक्कम कारणानेच त्याचे समर्थन होऊ शकते, हेही त्याच निकालात आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असतो, तो पाहूनच निर्णय घ्यावा. माझे स्वतःचे मत स्पष्ट आहे: उघड कॅमेरा आणि लिहिलेले नियम यांनी आमचे सगळे प्रश्न सुटले, छुप्याची गरज एकदाही भासली नाही.

या यंत्रणेत येणाऱ्यांची संख्या मोजण्याची आणि काउंटरवरची रांग लांबली की सूचना देण्याची सोयही आहे. तिचा उपयोग होतो; दुपारी चार ते सहा या वेळेत दुसरा काउंटर उघडण्याचा निर्णय आम्ही त्या आकड्यांवरूनच घेतला. चेहरा ओळखून हजेरी लावण्याचा पर्याय मात्र आम्ही नाकारला. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, माणसाचा चेहरा बदलता येत नाही, आणि तसली माहिती सांभाळण्याची आमची तयारी नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर कॅमेऱ्यांना मी चार देईन, रेकॉर्डर आणि ॲपला साडेतीन, आणि बसवून देण्याच्या सेवेला अडीच. कॅमेरे ऑनव्हिफ या खुल्या मानकाला धरून असल्यामुळे पुढे दुसऱ्या कंपनीचा रेकॉर्डर किंवा कॅमेरा जोडण्याचा मार्ग मोकळा आहे. हे मानक २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून सुरू केले, आणि ज्या कॅमेऱ्यावर त्याचा उल्लेख नसेल तो व्यवसायासाठी घेऊ नये असे मला वाटते. देखभालीचा करार या महिन्यात संपत होता. बसवून देणाऱ्यांशी पुन्हा बोलणी झाली, आणि नव्या करारात मी तीन कलमे हाताने लिहून घातली आहेत: दर महिन्याला रेकॉर्डरचे घड्याळ तपासून त्याची नोंद करायची, सर्वांत जुने रेकॉर्डिंग किती दिवसांपूर्वीचे आहे ते कळवायचे, आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा एक चेहरा मोठा करून माझ्यासमोर उघडून दाखवायचा. पहिली दोन त्यांनी लगेच मान्य केली. तिसऱ्यासाठी त्यांचा माणूस येत्या सोमवारी येणार आहे, आणि त्या वेळी धक्क्यावरचा तो सहकारी माझ्यासोबत बसणार आहे.